न मोजलेले वीस श्वास

कुणाशीही बोलताना आमच्या ट्यूटर सिस्टर त्याचा हात हातात घ्यायच्या. समोरच्याला वाटायचं, बाई किती मायाळू आहेत. खरं म्हणजे त्या मोजत असायच्या. तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, नजर समोरच्याच्या छातीवर, आणि चेहरा असा की जणू आपलंच बोलणं मन लावून ऐकताहेत. ऐकतही असतील. पण मिनिट भरलं की आपलं वाक्य अर्धवट असलं तरी हात सोडून द्यायच्या आणि चालू लागायच्या.

मी नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा आईवडील मला सोडायला यवतमाळला आले होते. आईला आम्ही याडी म्हणतो, आमच्या बंजारा तांड्यावर सगळेच म्हणतात. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजच्या दारात याडी इतकी बावरली होती की तिने दोन्ही हात पदरात लपवले होते. सिस्टर समोरून आल्या, पदरातून तिचा हात बाहेर काढला, बांगड्या वर सरकवल्या आणि धरून उभ्या राहिल्या. "गाव कोणतं? लेकरं किती? ही मोठी का?" याडी उत्तरं देत होती आणि माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मिनिट झालं.

"नाडी अठ्ठ्याण्णव, श्वास बावीस," सिस्टर मला म्हणाल्या. "घाबरली आहे, अन् अंगात रक्त नाई. खालची पापणी पाह्य हिची. काय वो बाई, पालेभाजी खाता का?"

"खातो जी," याडी म्हणाली.

"खोटं. पोरीले वाढता अन् सोता चटणी-भाकर खाता."

परत जाताना याडी वडिलांना म्हणाली, की एवढा वेळ माझा हात माझ्या सख्ख्या बहिणीनेही कधी धरला नाही. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि दवाखान्यात नावाने त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. वॉर्डातले शिपाई त्यांना मिनिटवाली म्हणायचे. "मिनिटवाली येऊन राह्यली, हात धुवा रे," असं कुणी ओरडलं की नळाजवळ गर्दी व्हायची. त्या पुरुषांचं मोठं घड्याळ घालायच्या, तेही तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे नाडी धरल्याबरोबर सेकंदकाटा समोर दिसावा. मोबाइलवर बघून मोजलेलं त्यांना चालायचं नाही. "मोबाइल म्हणजे वॉर्डातला सगळ्यात घाणेरडा रुमाल," त्या म्हणायच्या. "दिवसभर तोंडाले लावता अन् धुवत कधीच नाई."

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, "माणूस जिता आहे याच्या खुणा सांगा." पुस्तकात होतं तसं आम्ही सांगितलं. शरीराचं तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब. त्या फळ्याला टेकून उभ्या होत्या.

"ताप थर्मामीटर सांगते. रक्तदाब मशीन सांगते. नाडी बोटाले लागते. श्वास कोण सांगते?"

आम्ही वह्या चाळायला लागलो.

"कोणीच सांगत नाई. छातीकडं पाहत एक मिनिट उभं राहा लागते, बस. म्हणून सगळे त्याच्यातच चोरी करतात."

आणि रुग्णाला सांगायचं नाही, हेही शिकवलं. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघते म्हणायचं, मनगट धरून ठेवायचं आणि श्वास मोजायचा.

आता थोडं आमच्या चोरीबद्दल. सकाळी वॉर्डात विद्यार्थिनींचं पहिलं काम म्हणजे टी.पी.आर., ताप, नाडी आणि श्वास. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद लटकवलेला असतो, त्यावर चौकटी असतात. बारा-पंधरा रुग्ण, आठच्या आत सगळं भरलेलं हवं. ताप मोजावाच लागतो, आकडा दिसतो. नाडी आम्ही पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचो. श्वासाच्या चौकटीत वीस लिहायचो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो, म्हणजे वीस चुकत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या सीनियर तसं करायच्या, त्यांच्या सीनियरही करत असतील.

एका महिन्याच्या शेवटी सिस्टरांनी सगळ्या खाटांचे कागद गोळा करून वर्गात आणले आणि उभ्याने वाचून दाखवले. "दम्याचा म्हातारा, वीस. डिलिव्हरीची बाई, वीस. पाय मोडलेला पोट्टा, वीस. वीस, वीस, वीस. वा! वॉर्ड आहे का लेझीमचं पथक? सारे एका तालात श्वास घेऊन राह्यले!"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"पोट्टे हो, नाई मोजला तर चौकट रिकामी सोडा. रिकाम्या चौकटीची लाज नाई. रिकामी दिसली तर दुसरी कोणी येऊन मोजन. वीस लिहिले की मंग कोणीच मोजत नाई."

त्या कागदांपैकी सहा माझे होते. हसताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

हात धुण्याबद्दल तर त्या वेड्याच होत्या असं आम्हाला वाटायचं. एकदा त्यांनी आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, तळहातावर कपड्यांची नीळ ओतली आणि म्हणाल्या, साबण समजून धुवा. धुऊन झाल्यावर पट्ट्या काढल्या. सगळ्यांचे तळवे निळेशार होते आणि अंगठे कोरडे, बिनडागाचे. बोटांची टोकं आणि नखांच्या कडाही तशाच. "जेवढं निळं तेवढं धुतलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं रुग्णाले वाढलं." दोन दिवस तो रंग गेला नाही. मेसमध्ये जेवताना आम्ही एकमेकींचे अंगठे बघत होतो.

पण त्या हातांबद्दल जितक्या कडक होत्या तितक्या माणसांबद्दल नव्हत्या. त्याचा एक प्रसंग मला सांगायलाच हवा, कारण तो बघून मी हादरले होते.

कोपऱ्यातल्या खाटेवर क्षयाचा एक म्हातारा होता. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, सगळं नियमानुसार. एके दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्याचा चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि बुटाने त्याच्या खाटेकडे सरकवला. ती वाईट मुलगी नव्हती, घाबरली होती. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, वाकून तो कप उचलला आणि बाजूला ठेवला. दुसरा चहा मागवून म्हाताऱ्याच्या हातात दिला. "घ्या बाबा. साखर बरोबर आहे ना?" मग आम्हा सगळ्यांना नळाजवळ बोलावून आमच्यासमोर हात धुतले. बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, नखांखाली, सावकाश.

"हे असं," त्या म्हणाल्या. "एवढंच लागते. शिवाशिव हाताले असते, माणसाले नसते. हात धुतला की हात मोकळा. माणसाले पायानं ढकललं तर ते कोणत्या साबणानं धुता?"

त्यांनी नळ कोपराने बंद केला.

"माह्या आजीले लोक वरून पाणी टाकत, ओंजळीत. तिले कोणता रोग नव्हता."

एवढंच. त्यांच्या घराबद्दल त्या याच्या आधी किंवा नंतर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ती मुलगी रडायला लागली. सिस्टरांनी तिचा हात धरला. आम्हाला वाटलं, आता समजूत घालतील. मिनिटाने म्हणाल्या, "एकशे दहा. जाय, तोंड धू."

आता पुढचं लिहायला मला जड जातंय. पण ते लिहिलं नाही तर या सगळ्या गमतीच होतील, आणि त्या बाई गंमत नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात लागली. दिवस फवारणीचे होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली असते तेव्हा पाठीवरच्या पंपातून उडवलेलं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. रोज एक-दोन माणसं यायची. तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. त्यात ढाणकीकडचा विलास होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा, मजुरीने फवारणी करणारा. आला तेव्हा बेशुद्ध होता. दुसऱ्या दिवशी उठून बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टी.पी.आर. घ्यायला गेले तेव्हा आडवा पडून माझी थट्टा करत होता.

"मॅडम, आज... सुट्टी द्या."

"डॉक्टरांना विचारा."

"तुम्हीच... डॉक्टर."

"मी अजून शिकतेय."

"मंग... माह्यावर शिका."

त्याची बायको बाजूला उभी राहून केळं सोलत होती. तीही हसत होती. मी ताप बघितला, नाडी बघितली, आणि त्याच्याशी बोलता बोलता श्वासाच्या चौकटीत वीस लिहिले. त्या वेळी माझ्या मनात काय होतं, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. काहीच नव्हतं. खोटं लिहावं असं मी ठरवलं नव्हतं. पेन थांबलंच नाही. त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते.

तो दोन-दोन शब्दांत बोलत होता. मला वाटलं, मस्करी करतोय.

वीसेक मिनिटांनी सिस्टर आल्या. नेहमीप्रमाणे हात धरून गप्पा मारायला लागल्या. "लेकरं किती?" "एक... पोरगी." "केवढी आहे?" "वर्षाची... होते आता." मिनिट संपलं. त्यांनी हात सोडला नाही. दुसरं मिनिट सुरू झालं. मी त्यांना असं करताना कधीच बघितलं नव्हतं.

"विलास," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "उशीवरून डोकं उचल बरं."

तो हसला. त्याने प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. डोकं उशीवरून बोटभरही वर आलं नाही.

"उचलून... नाई राह्यलं," तो म्हणाला, हसतच.

"नाटकं करून राह्यला मेला," बायको म्हणाली. मला खरंच हसू आलं होतं. ते ओठांवरच राहिलं, कारण सिस्टर तोवर ओरडल्या होत्या, "डॉक्टरले बोलवा! पळ!"

त्या विषाचं असं असतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, खातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातली ताकद पुन्हा जायला लागते. आधी मान जाते, मग छाती. वहीत मी ते हिरव्या पेनने अधोरेखित केलं होतं. समोर घडताना ओळखलं नाही.

सिस्टरांनी कागद उचलला. "आठ वाजता वीस." माझ्याकडे बघितलं. "मोजला?"

मी त्या आकड्याकडे बघितलं.

"मोजला का?"

"नाही."

माझ्या वीसच्या पुढे त्यांनी वेळ लिहिली, आठ बावीस, आणि छत्तीस लिहून सही केली.

पुढच्या पंधरा मिनिटांत ज्या माणसाने मला 'माह्यावर शिका' म्हटलं होतं, त्याचे ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी घशात नळी घातली. नळीला हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली. ती दाबली की त्याची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. तेवढाच त्याचा श्वास. श्वास देणारं मशीन आमच्याकडे नव्हतं, यवतमाळला न्यायचं ठरलं. रस्ता अडीच तासांचा.

गाडी लागेपर्यंतच्या गडबडीत वॉर्डच्या इन्चार्ज बाई सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, तो कागद दुसरा लिहून टाका. पोरीचं वर्ष जाईन. तांड्यावरची पोरगी आहे, कायले तिचं शिक्षण तोडता?" त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मनातून म्हणाले, लिहा, लिहा.

"कागद बदलत नाई," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण कोणाले समजणार आहे?"

"ज्याले तो वाचून इलाज कराचा आहे, त्याले समजाले पाह्यजे ना!"

मग त्या माझ्याकडे आल्या. ती रबरी पिशवी कंपाउंडरच्या हातातून काढून माझ्या हातात दिली.

"तू वीस श्वास लिहिले ना? आता दे. तुह्या हातानं दे. पण वीस नको, बारा दे. पाच सेकंदाले एक. मोठ्यानं मोज."

मी मोजत गाडीत चढले. नळी सांभाळायला गाडीतले डॉक्टर होते, समोर सिस्टर, आणि पुढे ड्रायव्हरजवळ विलासची बायको. मधल्या छोट्या खिडकीतून तिला मागचं दिसत नव्हतं, माझा आवाज तेवढा ऐकू येत होता. एक हजार एक, एक हजार दोन, असं पाचपर्यंत म्हणायचं आणि दाबायचं. खड्डा आला की आकडा तोंडातून सांडायचा. "पुढं," सिस्टर म्हणायच्या. फक्त तेवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आर्णीच्या अलीकडे माझी बोटं वळली. सिस्टरांनी पिशवी घेतली, मी हात झटकले, पुन्हा घेतली. त्या अडीच तासांत मी काय विचार करत होते ते सांगायला लाज वाटते. निम्मा वेळ मी माझ्या वर्षाचा विचार करत होते. तांड्यावर काय सांगायचं, वडिलांना कोण काय बोलेल. हाताखाली एका माणसाची छाती वर-खाली होत होती आणि माझ्या डोक्यात परीक्षेचा फॉर्म होता. मग एकदा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे उघडे होते. पापण्या मिटायचीही ताकद नव्हती, पण तो शुद्धीत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याच्यानंतर मी फॉर्मचा विचार केला नाही.

मोठ्या दवाखान्यात त्याला लगेच मशीन लावलं. मी दाराजवळ हात पोटाशी धरून उभी होते. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आठ वाजता वीस आणि आठ बावीसला छत्तीस? बावीस मिनिटांत एवढं? मग हे विषाचं वाटत नाही. फुप्फुसात काही गेलं का? उलटी झाली होती का? रक्ताची गाठ तर नसेल..." त्या दुसऱ्या डॉक्टरांशी बोलायला लागल्या. कोणती तपासणी आधी करायची, त्याला खाली न्यायचं का.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या बोलतील असं मला वाटलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "ते वीस मोजलेले नाहीत. मी तसेच लिहिले होते."

त्या थांबल्या. माझ्याकडे एकदा पूर्ण बघितलं. मग वीसवर एक रेघ मारली, बाजूला 'न मोजलेले' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "सही." मी सही केली. "म्हणजे रात्रीपासूनच वाढत असणार. मग विषाचंच आहे. ठीक." आणि त्या वळून कामाला लागल्या.

मला वाटत होतं की खरं सांगितलं की आभाळ कोसळेल. कुणीतरी ओरडेल, मला हाकलतील. काहीच झालं नाही. त्यांना तो आकडा खरा की खोटा एवढंच हवं होतं, आणि तो खोटा निघाल्यामुळे त्या भलत्याच दिशेला जायच्या वाचल्या. त्याने मी जेवढी हादरले तेवढी कुठल्याही शिव्यांनी हादरले नसते.

बाहेर बाकाजवळ विलासच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. ते सुजले होते. "रस्ताभर ऐकून राह्यलती मी," ती म्हणाली. "तुमचा आवाज चालू होता तं मले वाटे, तो जिता आहे. तुम्हीच त्याले जगवलं." ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकले आणि सगळं सांगून टाकलं. सकाळचं, वीसचं. तिला चौकट, चार्ट काही कळलं नसेल, म्हणून शेवटी म्हणाले, "मी त्यांच्याकडे नीट बघितलं असतं तर सकाळीच कळलं असतं. मी बघितलं नाही."

तिने माझे हात सोडले.

"मले नका सांगू," ती म्हणाली. "तो उठन, तवा त्याले सांगा."

आणि बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली.

माझी चौकशी झाली. माझ्याविरुद्धचा लेखी जबाब सिस्टरांनीच दिला, एकही शब्द मऊ न करता. तीन महिन्यांची ड्युटी रद्द झाली, ती पुन्हा करायची. त्याच संध्याकाळी त्यांनी पुन्हा ड्युटी करण्याचा अर्ज माझ्यासाठी आणला आणि समोर बसून लिहून घेतला. त्यांनी एक अट घातली. रोज सकाळी मी स्वतः मोठ्या दवाखान्यातल्या त्या वॉर्डात फोन करायचा आणि विलासचं कसं आहे ते त्यांना येऊन सांगायचं. दहा दिवस मी जाऊन तेच सांगत होते, "मशीनवर आहेत." त्या मान हलवायच्या. अकराव्या दिवशी मी धावतच गेले. नळी काढली होती.

रविवारी त्या मला घेऊन गेल्या. विलास उशांना टेकून बसला होता. गळ्याची हाडं वर आलेली, आवाज फाटलेला. बायको त्याला म्हणाली, "ह्या मॅडमले तुले काई सांगाचं आहे." आणि बाजूला झाली.

मी सांगितलं. पाठ केल्यासारखं झालं, पण सांगितलं. तो ऐकत होता. मग चादरीकडे बघत म्हणाला, "मले रातीच समजलं होतं."

"काय?"

"दम लागून राह्यला होता. रातभर. सांगतलं असतं तं अजून चार दिवस ठेवलं असतं. पोरीचा पहिला वाढदिवस होता. म्हून तुमच्यासंग हासून राह्यलो, म्हटलं मॅडमले समजाले नाई पाह्यजे."

बायकोने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. "अरे मेल्या!" ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तो कसनुसा हसत होता. मी खाटेची कड धरून उभी होते. त्या सकाळी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो, आणि दोघंही लपवत होतो. सिस्टरांनी त्याच्या पायावरची चादर नीट केली आणि मला बाहेर चल म्हणून खुणावलं.

जिन्यावर त्या अचानक थांबल्या.

"त्यानं सांगतलं तवा हलकं वाटलं ना तुले?"

मला नाही म्हणायचं होतं. पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले.

"वाटनच. पण ते त्याचं खोटं होतं. बीमार माणूस खोटं बोलते, त्याले तो हक्क आहे. म्हणून तं आपण मोजतो. आपल्याले तो हक्क नाई."

आणि त्या खाली उतरल्या. मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. खालून त्यांचा आवाज येत होता. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्या कुणाला तरी त्या झापत होत्या, आणि तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता की मी नाही, मी नाही थुंकलो बाई.